वानखडे सर आणि चारशे तीन

वानखडे सर कुठलीही गोष्ट मागण्याआधी तिची किती वाट पाहायची हे ठरवून टाकायचे. खालच्या टपरीवर चहा सांगताना म्हणायचे, "भैया, पाँच मिनट." तेवढ्या वेळात चहा आला नाही तर रागावत नसत. गुपचूप जिना चढून वर यायचे, आणि टपरीवाल्यानं मागाहून ग्लास पाठवला की तो तसाच परत पाठवायचे.

"सर, चाय है, सर्वर नहीं है," महेंद्रभैया म्हणायचे. आमच्या छोट्याशा ऑफिसात सरांखेरीज ते एकच जुने प्रोग्रामर होते.

"फ़र्क़ क्या है?" सर म्हणायचे. "दोनों बोलते हैं, अभी आया."

आमचं ऑफिस जयपूरच्या झोटवाड्यात होतं. खाली लोखंडी कपाटं बनवणारा कारखाना, वर आम्ही. दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज यायचा. सर म्हणायचे, हा आवाज थांबला तरच कामात लक्ष लागत नाही. आमचं काम खाजगी बसच्या जागा दाखवण्याचं. एखाद्यानं आमच्या पानावर गावाचं नाव टाकलं की आमचा सर्व्हर वेगवेगळ्या बसमालकांच्या सर्व्हरना विचारायचा, जागा आहेत का, आणि आलेली उत्तरं एकत्र करून दाखवायचा. हे विचारणं कधी ना कधी बिघडायचंच. कुणाचं मशीन बंद, कुणाचा पत्ता बदललेला, कुणी उत्तरच देत नाही. बिघडलं की सगळे सरांच्या टेबलाकडे बघायचे.

मी तिथे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून शिकायला जात होते. बाबा फौजेत. जयपूरच्या छावणीतून त्यांची बदली पठाणकोटला झाली, आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर गेले, आणि मी कॉलेजसाठी गोपालपुऱ्यातल्या एका होस्टेलवर राहिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी काय शिकते ते आईला सांगता यायचं नाही, मलाही तिला नीट समजावता यायचं नाही. ती शेजारणींना "कंप्युटरचं" एवढंच सांगायची. होस्टेलमध्ये सगळ्या कोचिंगच्या मुली. त्या पुस्तकातून मान वर काढायच्या नाहीत. कधी कधी रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात यायचं की आज आपण कुणाशी काहीच बोललो नाही.

सरांना मी मराठी आहे हे आधी माहीत नव्हतं. एकदा जिन्यात मी आईला फोनवर सांगत होते, "व्हय, जेवले. व्हय गं." सर वरून उतरत होते, ते थबकले.

"कोणत्या गावची तू?"

"कोरेगाव. सातारा जिल्हा."

"मी दारव्ह्याचा. यवतमाळ." मग म्हणाले, "माझी मराठी बंदच पडून राहिली होती बाई. बायको गेल्यापासून कोणासंगं बोलणंच नाही."

त्या दिवसापासून ते माझ्याशी मराठीत बोलायला लागले. ऑफिसात सगळ्यांसमोरसुद्धा. माझ्या मराठीत "मतलब" फार यायचं, ते त्यांना खटकायचं नाही. त्यांच्या मराठीतलं "काऊन" आणि "करून राहिली" मला आधी हसू आणायचं, नंतर ते कधी ऐकू आलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

सुरुवातीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे जाऊन म्हणाले, "सर, चालत नाहीये."

त्यांनी खुर्ची वळवली. "हे वाक्य दवाखान्यात जाऊन म्हणशील का? डॉक्टर, चालत नाहीये?"

"नाही सर."

"मग काय म्हणशील?"

"कुठे दुखतंय ते."

"हं. तर हे पाह्य. आपली मागणी घरातून निघाली का? समोरच्याच्या दारापर्यंत पोचली का? त्यानं ती ऐकली का? त्याचं उत्तर आपल्यापर्यंत परत आलं का? कुठं तुटलं ते शोधून ये, मग आपण बोलू."

मी शोधून आले, तेही चुकीचं. माझा प्रोग्राम म्हणत होता की उत्तर आलेलं आहे, पण ते वाचताच येत नाही. मी ते वाचण्याच्या ओळीच दुरुस्त करत बसले होते. सरांनी नुसतं विचारलं, "आकडा पाह्यला का?" मी पाहिला नव्हता. प्रत्येक उत्तराबरोबर एक आकडा येतो. माझ्या उत्तरावर पाचशे होता. म्हणजे समोरच्याच्या घरातच गोंधळ होता आणि त्यानं जागांच्या यादीऐवजी माफीचं पान पाठवलं होतं. मी त्या माफीतून सीट नंबर काढायला बघत होते.

"उत्तर आलं म्हणजे काम झालं असं नाही," सर म्हणाले. "आपलं जावास्क्रिप्ट भोळं आहे. दारातून कोणी काहीही बोललं तरी ते खूश होते. आकडा आपल्यालाच वाचावा लागते."

ते आकडे त्यांनी मला असे शिकवले की मी अजून विसरले नाही. दोनशे म्हणजे ठीक आहे. पाचशेच्या घरातले आकडे म्हणजे त्याच्या घरात भांडण चालू आहे, थोड्या वेळानं परत जा. चारशेच्या घरातले म्हणजे चूक तुझी आहे, तुझ्या मागण्यात काहीतरी खोट आहे. मी उत्साहानं एक प्रोग्राम लिहिला होता, नकार आला की तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवणारा. तो बघून सरांचा चेहरा उतरला.

"चारशे आलं की तीच मागणी परत पाठवायची नाही. त्यानं ऐकलं आहे, समजून घेतलं आहे, मग नाही म्हटलं आहे. आता ठोठावत राहणं म्हणजे त्रास देणं. मागणी बदलायची, नाहीतर गप्प बसायचं."

त्यांचे आणखी दोन हट्ट होते. एक, विचारताना आपण कोण ते सांगायचं. प्रत्येक मागणीबरोबर विचारणाऱ्याचं नाव पाठवता येतं, बहुतेक जण ते काहीबाही ठेवतात. सर आवर्जून आमच्या कंपनीचं नाव लिहायचे. "तोंडावर फडकं बांधून कोणाच्या दारात उभं राहू नये." आणि दुसरा, वेळेची मर्यादा. कितीही छोटी मागणी असो, किती थांबायचं ते लिहिल्याशिवाय ती बाहेर सोडायची नाही. महेंद्रभैया विसरायचे. मग एखाद्या बसमालकाचं मशीन मुकं झालं की आमचं पान गोल गोल फिरत राहायचं, आणि सर तिथूनच ओरडायचे, "महेंद्र! फिर बारात को बिना खाने के बैठा रखा है तुमने!"

महेंद्रभैयांवर ते खरे चिडलेले मी एकदाच पाहिले. चाकसूला शीतला मातेची जत्रा भरते, तेव्हाची गोष्ट. एका बसमालकानं खास गाड्या सोडल्या होत्या आणि सकाळी त्याचाच फोन आला. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की खालचा पत्र्याचा आवाज असूनही सगळ्यांना ऐकू गेलं. "मेरी बसें खाली जा रही हैं, और तुम लोग लिख रहे हो कि सीट नहीं है!"

झालं होतं असं. त्याचा सर्व्हर आमच्या विचारण्याला उत्तरच देत नव्हता. महेंद्रभैयांनी पानावर चूक दिसू नये म्हणून अशी सोय केली होती की उत्तर आलं नाही तर रिकामी यादी धरायची. रिकामी यादी म्हणजे जागा नाहीत. लोक पान बघून चाकसूकडे जाणाऱ्या टोंक रोडवर मिळेल त्या जीपमध्ये स्वतःला कोंबून गेले आणि गाड्या रिकाम्या धावल्या.

सर उठून महेंद्रभैयांच्या टेबलापाशी गेले. "जवाब नहीं आया, और जवाब में 'नहीं' आया. ये दो अलग बातें हैं, महेंद्र. इनको एक मत करो." आवाज वाढला नव्हता, पण ती ओळ त्यांनी उभ्या उभ्या स्वतःच पुसून टाकली. एवढ्याशा गोष्टीला इतकं काय, असं मला तेव्हा वाटलं.

त्या दिवशी बासोडा होता. इकडे शीतला अष्टमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड जेवतात. महेंद्रभैया घरून डबा घेऊन आले होते, पुए, राबडी, थंड पुऱ्या. सकाळच्या बोलण्यामुळे त्यांनी तो कुणापुढे केला नव्हता. सरांनीच त्यांच्या डब्यात हात घातला. "खिलाओगे नहीं? वैसे मेरा तो रोज़ बासोड़ा है." महेंद्रभैया हसले. मीही हसले, आणि मग सरांचा डबा बघितला. त्यात खरंच कालची पोळी होती.

महेंद्रभैया बसमालकाची समजूत काढायला निघून गेल्यावर मी धीर करून विचारलं, कारण बरेच दिवस विचारायचं होतं. सर रोज सकाळी आले की चहाच्याही आधी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एका पत्त्याची ओळ लिहायचे. खाली आकडा यायचा, दोनशे. ते मान हलवायचे आणि खिडकी बंद करायचे. आमच्या कुठल्याच बसमालकाचा तो पत्ता नव्हता.

"सर, सकाळी तुम्ही कुणाला विचारता?"

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "अनुपले."

अनुप त्यांचा मुलगा. जयपुरातच वाढला, आता पुण्यात नोकरीला. शाळेत असताना बापाजवळ बसून त्यानं पहिला सर्व्हर लिहिला होता. त्याचं पान उघडलं की फक्त वेळ दिसते, आता किती वाजले ते. बाकी काही नाही. ते खेळणं त्यानं मोडलं नाही, कुठल्या कुठल्या मशीनवर हलवत जिवंत ठेवलं.

"त्याच्या आईला बरं नव्हतं," सर म्हणाले. "दुपारी जास्त झालं. अनुप तिले घेऊन दवाखान्यात गेला अन् मला फोन लावत राहिला. मी इथं. फोन ड्रॉवरमध्ये, आवाज बंद. एक मागणी मधूनच अडकत होती बाई, तिचं उत्तर काऊन येत नाही ते शोधत होतो. दिवसभर त्याच्यामागे. संध्याकाळी सापडलं. लई खूश झालो. ड्रॉवर उघडला."

त्यांनी मोडलेला तुकडा डब्यात परत ठेवला.

"ती गेल्यावर तेराव्याच्या दिवशी तो जे बोलला, ते शेवटचं. फोन वाजते, बंद होते. मेसेज पोचते, उत्तर नाही. पण ते पान उत्तर देते. रोज देते."

मी त्या वेळी बोलायला नको होतं, पण बोलले. "पण सर, मतलब... ते तर मशीन उत्तर देतं. त्याला कळतही नसेल."

"माहीत आहे," सर म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर मला ती काळी खिडकी बघवायची नाही. दोनशे आला की सर मान हलवायचे आणि मी दुसरीकडे बघायचे. होस्टेलवर परत जाताना बसमध्ये मनात यायचं, आपणही आईला रोज "जेवले" एवढंच सांगतो. तेही दोनशेच. सगळं ठीक आहे. त्यात आपण कुठे असतो?

श्रावणातली तीज जवळ आली होती, मिठाईच्या दुकानांत घेवर लागले होते, तेव्हाची एक सकाळ. सरांनी ओळ लिहिली आणि ते हललेच नाहीत. मी त्यांच्या खुर्चीमागून बघितलं. चारशे तीन.

चारशे तीन म्हणजे: तू काय मागतोयस ते समजलं, पण तुला देणार नाही.

"सर..." मी म्हणाले. मला वाटलं, आता हे कोसळतील.

"थांब. आधी पाहू दे." त्यांचा आवाज कामातला होता, नेहमीचा. "तुझ्या फोनवर उघड."

मी उघडलं. वेळ दिसत होती, काटेकोर. महेंद्रभैयांच्या लॅपटॉपवरही उघडलं. सरांच्या मशीनवर नाही. मग सरांनी त्यांच्या ओळीतला एक भाग पुसला आणि पुन्हा चालवली. दोनशे. तो भाग परत लिहिला. चारशे तीन. मी तो भाग वाचला. तिथे त्यांनी आपलं नाव लिहिलेलं होतं, "वानखडे, जयपूर". रोज सकाळी ते नाव सांगून विचारत होते, त्यांच्या नियमाप्रमाणे.

"म्हणजे नाव बघून अडवलंय," मी हळूच म्हणाले.

"हो." सरांनी चष्मा काढला. ते हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, ओठ मिटलेले आणि डोळे ओले. "हे मशीन नाही करत, बाई. मशीनले मी कोण ते काय माहीत? आलेल्या-गेलेल्यांची नोंद त्यानं बसून वाचली आहे. त्यात रोज सकाळी बापाचं नाव पाह्यलं आहे. अन् स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, याले येऊ देऊ नका. माणूस दाराशी आला, बाप्पा!"

महेंद्रभैयांना ते पटलं नाही. "तो सर, नाम हटा दो न. फिर रोज़ देखते रहना, उसको पता भी नहीं चलेगा."

"चोरी से?" सर म्हणाले. "घर मेरे बेटे का है."

दुसऱ्या दिवशी ते आले, मशीन सुरू केलं, आणि ओळ लिहिली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चारशे आलं की तीच मागणी परत पाठवायची नाही, हा नियम त्यांचाच होता, आणि तो ते स्वतःवर चालवत होते. पण सकाळची ती वेळ त्यांना जाईना. टेबलावरची पेनं सरळ करायचे. चष्मा पुसायचे. एकदा ड्रॉवर उघडून फोन बाहेर काढला आणि टेबलावर उताणा ठेवला, आवाज चालू करून. त्यानंतर तो तसाच तिथे असायचा. कुणाचा फोन यायचा नाही. मला त्यांचा नंबर माहीत होता. एखाद्या सकाळी आपणच लावावा, निदान वाजेल तरी, असं मनात यायचं. पण वाजल्यावर आपलं नाव बघून त्यांना काय वाटेल, या विचारानं लावला नाही.

मग एक दिवस जेवताना ते म्हणाले, "मागणी बदलायला पाहिजे."

"काय मागणार, सर?"

"आजवर रोज एवढंच विचारत होतो, आहेस का. तो म्हणाला, आहे. आता त्याच्यापुढचं विचारावं लागेल." मग म्हणाले, "पण ते इथून पाठवता येत नाही. माणूसच पाठवावा लागते."

नंतर काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही, हे इथेच सांगून टाकते. सुट्टी घेऊन पुण्याला गेलेले सर झोटवाड्याच्या ऑफिसात परत आले नाहीत. सुट्टी संपल्यावर महेंद्रभैयांना त्यांचा फोन आला, की माझ्या जागेवर दुसरा माणूस घ्या, मला इथे थोडं काम निघालं आहे. महेंद्रभैयांनी विचारलं, कसलं काम? सर म्हणाले, चल रहा है. बस, इतकंच. मुलाबरोबर राहतात की त्याच गावात दुसरीकडे खोली घेऊन, हे महेंद्रभैयांनी विचारलं नाही. मलाही फोन करून विचारायला संकोच वाटला. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. मागणी लिहिण्याआधी तिची वेळमर्यादा लिहिते, आणि विचारणाऱ्याचं नाव रिकामं सोडत नाही. अनुपचं ते पान कधी कधी फोनवर उघडते. वेळ बरोबर असते.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते जयपूर स्टेशनवर. रविवार होता, होस्टेलवर बसून करणार काय, म्हणून त्यांना पोचवायला गेले. ते घेवर घेऊन आले होते. दुकानदारानं मलाईचा देऊ केला होता, पण पुण्यापर्यंत टिकणार नाही म्हणून साधा घेतला. खोका मांडीवर दोन्ही हातांनी धरून ते खिडकीशी बसले होते. फोन शर्टाच्या वरच्या खिशात, अर्धा बाहेर.

"त्याले आवडते हे," ते म्हणाले. "लहानपणी मधल्या भोकाभोवतीचा भाग आधी खायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मराठीत बोलू की हिंदीत, हे काही ठरलं नाही अजून. आईसंगं मराठीत बोलायचा. माझ्यासंगं भांडला तो हिंदीत."

"मराठीत बोला सर."

"तू म्हणतेस तर मराठीत." बोट माझ्याकडे करून म्हणाले, "अन् तू आज आईले फोन लाव. नुसतं जेवले म्हणू नको."

मी मान हलवली. हे त्यांच्या कधी लक्षात आलं होतं, कोण जाणे. गाडीनं शिट्टी दिली. मी खिडकीच्या गजांना धरून होते आणि मला एकच गोष्ट विचारायची होती, जी त्यांनीच मला प्रत्येक वेळी विचारली होती.

"सर, त्यानं दार उघडलं नाही तर? किती थांबायचं ते ठरवलंय ना?"

गाडी हलली. सरांनी खोका थोडा जवळ ओढला.

"नाही," ते म्हणाले. "याले मर्यादा नाही ठेवली."